एकोप्याचं वाक्य

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत ‘मेळ’ हा शब्द माझ्या वाट्याला आला. व्युत्पत्तीला वेळ लागला नाही. संस्कृतातला ‘मिल्’, म्हणजे भेटणं, एकत्र येणं. मेळा, मेळावा, मिळणं, सगळी एकाच घरची माणसं. अर्थही भराभर लिहिले: सुरांची जुळणी, हिशेबाची जुळणी, माणसांचा एकोपा. घोडं पेंड खात होतं ते उदाहरणापाशी.

संपादकांचा दंडक असा, की उदाहरण कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच हवं, मनानं रचलेलं चालणार नाही. आणि एकोप्याचं वाक्य काही कानावर पडेना. बसथांब्यावर, दवाखान्यात, जो तो म्हणे, मेळ नाही, मेळ बसत नाही.

“लोकांना सगळं बिनसल्यावरच हा शब्द आठवतो का हो?” मी वैतागून विचारलं.

“घरी कान द्या,” संपादक चष्मा पुसत म्हणाले. “तीन भावंडं आहात ना तुम्ही?”

आमच्या घरी! आई न्हाणीघरात घसरल्यापासून तिला उठवायला-बसवायला माणूस लागत होतं, आणि ते माणूस कोण, यावरून आमची जुंपली होती. दादा राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाकट्याच्या बायकोला दिवस गेलेले, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू नको म्हणून बजावलेलं. माझ्या दोन खोल्यांत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. कोणीच खोटं बोलत नव्हतं, हीच पंचाईत होती. एखादा खोटारडा निघाला असता तर भांडायला तरी बरं पडलं असतं.

रविवारी तिघं आईकडे जमलो. ती आतल्या खोलीत, दार नुसतं लोटलेलं. धाकट्यानं वृद्धाश्रमाचा विषय काढला. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं, पण मग लगेच ‘मी नेते’ म्हणावं लागलं असतं. मी होकारार्थी मान हलवली. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसरं काही सुचलंही नाही.

दादानं सुस्कारा सोडला. “चला,” तो म्हणाला, “एकदाचा आपला मेळ बसला.”

आतून आईची हाक आली. मी गेले. तिनं सगळं ऐकलं होतं.

“भांडला नाहीत ना?”

“नाही गं.”

“मग झालं तर. लहानपणी एका भाजीवर तुमचं तिघांचं एकमत होत नव्हतं.” ती हसलीसुद्धा. “ती निळी शाल तेवढी बरोबर दे. तिथं गार असेल.”

मी कपाट उघडून बराच वेळ शाल शोधत राहिले. ती समोरच होती.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी विचारलं, “मिळालं का वाक्य?”

“नाही.”

“मग एकोप्याचा अर्थ गाळावा लागेल हो.”

“गाळा,” मी म्हणाले.