भरतीची वेळ

भागाबाई विळीवर कोथिंबीर चिरत होती. शाळेच्या स्वयंपाकखोलीत मोठ्या पातेल्यात सांबार उकळत होतं. दारात सावली पडली तशी तिनं मान वर केली, क्षणभर पाहिलं आणि हातातली जुडी पूर्ण चिरून झाल्यावरच बोलली.

“या, बाई.”

विजयश्री उंबऱ्यापाशीच थांबली. खजुरीच्या फाट्यावर उतरून ती तीन किलोमीटर चालत आली होती. चपला धुळीनं भरल्या होत्या. नोव्हेंबरात ती या गावात शववाहिकेतून आली होती, भागाबाईच्या चौदा वर्षांच्या पंचशीलाला घेऊन. त्यानंतर आज.

“चन्नव्वा, तू जरा भाईर बस,” भागाबाई जोडीच्या स्वयंपाकिणीला म्हणाली. चन्नव्वानंही पाहुणीला ओळखलं होतं. गॅस बारीक करून ती पदर सावरत निघून गेली.

विजयश्री मूळची बीदरची. कारवारच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या सागरी अभ्यास केंद्रात ती नोकरीला होती. शाळेच्या मुलांना समुद्र समजावून सांगायचं काम तिच्याकडं होतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या या मराठी शाळेतली मुलं शिबिराला आणायची, ही कल्पना तिचीच. भीमा नदीहून मोठं पाणी न पाहिलेली बत्तीस मुलं चार दिवसांसाठी आली होती. तिसऱ्या दिवशी पंचशीला गेली. ‘सूचना न पाळता विद्यार्थिनी खडकाच्या टोकापर्यंत गेली व लाटेत ओढली गेली,’ असं केंद्राच्या अहवालात लिहिलं होतं. त्याखाली विजयश्रीची सही होती. पंचशीलाच्या वडलांची, बळीरामचीही होती.

“बळीरामअण्णा घरी आहेत का?”

“रानात हायत. तुरीची रास चाललीय. सांजच्याला येतेत.”

“मला तुमच्याशीच बोलायचं होतं, अक्का.”

भागाबाईनं चिरलेली कोथिंबीर ओंजळीनं सांबारात टाकली.

“बोलायला काय ऱ्हायलंय. पोरीनं ऐकलं न्हाई, गेली. आमचे हेडमास्तर दर सोमवारी प्रार्थनेला सांगतेत पोरांना. पंचशीलानं ऐकलं न्हाई, बघा काय झालं म्हणतेत. मी हितं तांदूळ धुवायली असते. समदं ऐकू येतंय.” तिनं पळी ढवळली. “पयल्यांदा रडू यायचं. आता राग येतो. मेलेल्या लेकराचा राग येतोय मला. ह्यांनी फोटो करून आणलाय तिचा, बाबासाहेबांच्या फोटोखाली लावायला. मी लावू दिला न्हाई.”

रात्रभर एसटीत विजयश्रीनं वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही तिला सापडेना. मागच्या आठवड्यात केंद्रात नव्या शिबिराची तयारी सुरू झाली होती. पहिला तास सुरक्षिततेचा. त्यात पंचशीलाचं उदाहरण द्यायचं आणि ते विजयश्रीनं द्यायचं, असं ठरलं होतं. ती लिहायला बसली होती. पहिल्या ओळीपुढं तिचा हात गेला नव्हता.

“तिनं ऐकलं होतं,” ती म्हणाली.

भागाबाईची पळी थांबली.

“त्या दिवशी आम्ही खडकावरचे जीव मोजत होतो. ओहोटी होती. वरपासून पाण्यापर्यंत एक लांब टेप ताणून धरतात. पाण्याकडचं टोक मी पंचशीलाच्या हातात दिलं. दुसरी मुलं दंगा करत होती, ती शांत होती, म्हणून तिला. म्हणाले, इथंच उभी राहा. मी सांगेपर्यंत हलू नको.” विजयश्रीनं दाराची चौकट धरली. “तेवढ्यात एका मुलाचा पाय खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर कापला. रक्त थांबेना. मी त्याला घेऊन वर गेले, पट्टी बांधत बसले. भरतीची वेळ माझ्या वहीत लिहिलेली होती. मी बघितली नाही. वळून बघितलं तर पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलेलं. ती तिथंच होती. टेप धरून माझ्याकडं बघत होती. मी ओरडले, धावले. त्याच्या आधी लाट आली.”

बाहेर पडवीत चन्नव्वाच्या हातातली ताटं वाजत होती.

“हाक न्हाई मारली तिनं?”

“मारली. मुलांनी मला नंतर सांगितलं. दोनदा मारली. ‘टीचर, येऊ का’ म्हणून. मला ऐकू आली नाही.”

भागाबाईनं गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं. ते नीट बसलं नव्हतं, म्हणून पुन्हा उचलून ठेवलं.

“मग कागदावर कामून तसं लिहिलं?”

“केंद्राचे साहेब म्हणाले, खरं लिहिलं तर केंद्र बंद पडेल. मी भ्याले. सही केली.”

“ह्यांनी बी केली. त्यांना सायब म्हणले, सही न्हाई केलास तर ह्या भागातली पोरं पुन्हा कुणी नेणार न्हाई.”

“काल मी खरं काय झालं ते सगळं लिहून पोलिसांना आणि शिक्षण खात्याला पाठवलं. नोकरी सोडली. आता चौकशी होईल. पण तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. दोन महिन्यांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं.”

ती वाट पाहत राहिली. शिवीची, रडण्याची, अंगावर येणाऱ्या हाताची. भागाबाई ओट्याला टेकून उभी होती. तिच्या बोटांना कोथिंबिरीची पानं चिकटली होती, ती एकेक करून सोडवत होती.

“म्हंजे तिनं ऐकलं,” ती म्हणाली.

“हो.”

“घरी लई उलटं बोलायची. पाणी आण म्हणलं तरी कामून म्हणून इचारायची. भाकरी थाप म्हणलं तरी कामून. मी लई मारलंय तिला त्याच्यापायी.” भागाबाईचा आवाज अजून सपाटच होता. “निघायच्या दिवशी जवळ घेऊन सांगितलं. म्हणलं, बाई, आपल्या लोकांच्या लेकरांना कोण दाखवतंय समुद्र. तिथं उलटं बोलू नगं. टीचर म्हणतील तसं कर. मान हलवली तिनं.”

इतका वेळ आवरून धरलेलं रडू विजयश्रीला आलं आणि भागाबाईसमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

घंटा झाली. पोरं पडवीत धावत आली, ताटं घेऊन दोन रांगांत बसू लागली. चन्नव्वा भात-सांबार वाढायला लागली. भागाबाईनं हात धुतले, पदरानं पुसले.

“चला.”

“कुठं?”

“पोरांफुडं. मला सांगितलं तसंच सांगा. काय गाळू नगा. मी सांगितलं तर आईची माया म्हणतील.”

मुख्याध्यापक अंकुशराव कार्यालयातून बाहेर येत होते. विजयश्रीला पाहून ते घाईनं पुढं झाले.

“म्याडम, तुम्ही कधी आलात? आधी हाफिसात या. च्या घेऊ.”

“च्या मागून, सर,” भागाबाई म्हणाली. “बाईंना पोरांशी बोलायचंय. पंचशीलाचं.”

अंकुशरावांनी दोघींच्या तोंडांकडं पाहिलं. विजयश्रीचे डोळे लाल होते. मग सवयीनं त्यांनी टाळी वाजवली.

“उठा.”

सगळी पोरं उठली. घास टाकून, ताटं ओलांडून, हात जोडून एका सुरात म्हणाली, “नमस्ते, टीचर.” शिबिराला आलेली मुलं त्यांच्यात होती. ज्याच्या पायाला तिनं पट्टी बांधली होती तो मुलगाही होता. त्याची मान खाली होती.

रांगेच्या शेवटी सहावीतली एक मुलगी तेवढी उठली नव्हती. बसल्या जागी ती भात कालवत होती.

“ए, ऐकू येत न्हाई व्हय गं?” अंकुशराव म्हणाले.

मुलीनं मान वर केली. “भूक लागलीय सर,” ती म्हणाली आणि घास घेतला.

कुणीतरी हसलं. अंकुशराव तिच्याकडं निघाले, तशी भागाबाई त्यांच्यापुढून रांगेच्या टोकाशी गेली. त्या दिवशी प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं होतं. तिनं टोपलीतून आणखी एक काढलं आणि त्या मुलीच्या ताटात ठेवलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ती तिथंच खाली बसली.

“बोला, बाई,” ती म्हणाली.