चतुराची सावली

मोहसीनला पुण्याच्या गेम कंपनीत नोकरी लागल्याचं कळलं, तेव्हापासून अश्विनीच्या मनात ते डाचत होतं. दोघं भोरला एकाच वर्गात बीएस्सी झाली. ती अजून तासिका तत्त्वावर शिकवत होती. आणि ज्या गेमवर त्याची निवड झाली, त्यातली कल्पना तिची होती.

दोन वर्षांपूर्वी भाटघरच्या पाण्याकाठी तिनंच त्याला भिरभिरणारे चतुर किडे दाखवले होते. दुसऱ्यावर चाल करताना चतुर आपल्या मागचं एखादं झाड आणि समोरचा यांना जोडणारी रेष सोडत नाही. समोरच्याला तो झाडापुढं थांबल्यासारखाच दिसतो. फक्त मोठा मोठा होत जातो. क्षेपणास्त्रांना हे शिकवता येईल का, यावरही संशोधन चालतं, असं तिनं सांगितलं होतं. मोहसीन तेव्हा नुसता "लई भारी" म्हणाला होता.

आज तो तिथंच लॅपटॉप घेऊन आला. गेममध्ये खेळणारा म्हणजे माशी, मागावर चतुर.

"खेळ की, आश्वे. सोमवारी पुरा करून सायबांना दाखवायचाय. अजून कुणी दहा सेकंद टिकलं न्हाई."

ती मिनिटभर टिकली. मग मुद्दाम हरली.

"तू चतुराकडं बघतच नव्हतीस," मोहसीन म्हणाला. "पडद्यावर खाली पाण्यात काय दिसलं?"

"काही नाही."

"सांग ना, बाई. सोमवारी तोंडावर पडीन."

पड, असं तिच्या ओठांवर आलं होतं. "नाव टाक माझं. मग सांगते."

त्यानं मुकाट लिहिलं, ‘आभार : अश्विनी’.

"आभार तुझ्या आत्याचे मान. कल्पना कुणाची?"

तो ओशाळला. ‘आभार’ खोडून ‘कल्पना’ लिहिलं.

"सावली," ती म्हणाली. "चतुर थांबल्यासारखा दिसतो, पण पाण्यावर त्याची सावली सरकते. ऊन ठेवलंयस ना!"

मोहसीननं कपाळावर हात मारला. दहा मिनिटांत त्यानं गेममधलं आभाळ ढगांनी भरून टाकलं, सावली गेली.

ती पुन्हा खेळली. पडद्यावरच्या उंबराच्या झाडापुढचा चतुर हललाच नाही, नुसता मोठा होत गेला, आणि चौथ्या सेकंदाला माशी संपली. गेम तिनं पुरा करून दिला होता, आणि नोकरी त्याची ती त्याचीच राहिली होती.

पडद्यावर आलं : ‘हरलात’. खाली, ‘कल्पना : अश्विनी’.

"हरल्यावर कशाला टाकलंस?"

"सगळी हरणारच की. सुरुवातीचा पडदा कोण वाचतंय?"

लॅपटॉप परत न देता तिनं पुन्हा खेळ सुरू केला, आणि या खेपेला माशी जागची हलवलीच नाही.