वाटणीत आलेला डावा स्पीकर

मी लवूच्या घरचा स्पीकर बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलत आलो, आज जरा माझं ऐका. डोकं फिरायची वेळ आलीय हो!

आम्ही जुळे. एकाच खोक्यातून मस्कतहून आलो. लवूचा थोरला भाऊ तिथं नोकरीला होता, परत येताना त्यानं कॅसेट वाजवायचा डेक आणि आम्हां दोघांना आणलं. घाटकोपरच्या दोन खोल्यांत काय ते आमचं कौतुक! उजवा खिडकीपाशी, मी कपाटापाशी. बिल्डिंगमधली माणसं यायची, आपल्या घरच्या टेपशी तुलना करायची आणि तोंड पाडून जायची.

लवूचे नि भाऊचे वडील, काशीराम आबा, गिरणीतून निवृत्त झालेले. भजन सुरेख म्हणायचे. एकदा भाऊनं डेकला दोन माइक लावून ते भरून घेतलं. एक माइक आबांसमोर, एक लवूसमोर, कारण टाळ लवू वाजवायचा. आबांचा आवाज उजव्याच्या वाट्याला गेला, टाळ माझ्या. दोघं मिळून वाजलो की सगळं भजन घरात उभं राहायचं.

पुढं आबा गेले. भाऊनं मुलुंडला जागा घेतली आणि वाटणी निघाली. त्यावरून दोघं असे भांडले की बोलणंच बंद. शेवटी मामा मध्ये पडले. दोन पातेली, एक तुला, एक त्याला. दोन पाट, एक तुला, एक त्याला. दोन स्पीकर... अहो, स्पीकर म्हणजे काय पाट आहेत? पण मामांना सांगणार कोण! भाऊ डेक आणि उजवा घेऊन गेला. भजनाच्या कॅसेटची मात्र नक्कल काढली, ती तेवढी दोघांकडे एकेक राहिली.

लवूनं दुसरा डेक आणला, मला जोडलं, कॅसेट लावली. खण् खण् खण्! टाळच टाळ. आबा आपले मागं कुठंतरी, मोरीत बसून गातायत तसे.

झालं, माझे हाल सुरू. कपाटावर चढवलं. कोपऱ्यात सारलं. पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवलं, तर ट्रंकच वाजायला लागली. भिंतीपासून वीतभर पुढं घे, परत मागं ढकल. मित्राचा अॅम्प्लिफायर आणून जोडून पाहिला. दर वेळी बायकोला हाक, "शेवंती, आधीपेक्षा बरं वाटतंय ना गं?" ती बिचारी लाटणं हातात घेऊन यायची. "टाळ झकास येतायत," म्हणायची. लवूचा चेहरा उतरायचा.

अरे बाबा, माझी वायर डेकच्या शेजारच्या, उजव्याच्या भोकात घालून तर बघ, आबाच येतील! पण माझ्या पाठीवर भाऊनं 'डावा' अशी चिठ्ठी चिकटवलेली. मग डावा डावीकडंच. देवा रे देवा!

एकदा तर माझ्या जाळीला कान लावून बसला आणि हळूच म्हणाला, "आबा, जरा मोठ्यानं." मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. जे माझ्याकडं येतच नाही, ते मी कुठून देऊ?

शेवंती वैतागलीच. "अहो, आबा मुलुंडला आहेत. घरभर शोधून काय सापडणार? जा ना भाऊजींकडे."

"मी का जाऊ? तो आला होता का?"

काय हा हट्ट!

मग एका रविवारी कडी वाजली. दारात भाऊ, कडेवर मूल घ्यावं तसा उजवा घेतलेला. रिक्षातून आणला होता. लवू दारातच उभा, आत ये म्हणेना.

भाऊच म्हणाला, "माझ्याकडे आबा एकटेच गातायत रे. साथीला कोणी नाही. ऐकवत नाही मला."

लवू बाजूला झाला.

आम्हां दोघांना जोडलं. आबा गायला लागले आणि लवूचे टाळ त्यांच्या मागोमाग. दोघं भाऊ जमिनीवर बसून ऐकत राहिले, कोणी कोणाकडं बघेना. शेवंतीनं स्टोव्ह बंद केला.

कॅसेट संपली. भाऊ उजव्याला उचलायला वाकला.

"राहू दे," लवू म्हणाला.

"मग मी कुठं ऐकू?"

"इथं ये ना."

आता दर रविवारी तो येतो आणि दोघं मिळून आमचा जीव खातात. ह्याला खिडकीकडं घे, त्याला तिरका कर! सरकवा बापडे. उद्या मनोरीच्या खाडीत डुलणाऱ्या बोटीत नेऊन ठेवलंत तरी तक्रार नाही. फक्त आम्हां दोघांना परत वाटून घेऊ नका.