पुदिन्याची पंगत

"आजोबा, दोन्ही सारखेच दिसताहेत," ईरा म्हणाली.

मधुकररावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. बंगळूरमधल्या जयनगरच्या घराच्या गच्चीवर पुदिन्याच्या दोन कुंड्या शेजारी शेजारी होत्या. डावीला गांडूळखत, उजवीला युरियाचं पाणी. युरियाची पानं मोठी आणि मऊ येतील, गांडूळखताची लहान पण वासाला तिखट, असा त्यांचा अंदाज. उद्या वर्गात ईराला कुंड्या दाखवून कुठलं खत बरं ते सांगायचं होतं.

"घाई नको. पान चुरगाळ. आता वास घे."

"सेम!"

"सेम कसा असेल, बाळा?" त्यांनी स्वतः एक डावं पान चुरगाळलं, मग एक उजवं. पुन्हा डावं. शेवटी कुठल्या बोटाला कुठला वास, हेच त्यांना कळेना.

पलीकडे ईराची आजी, श्यामलाबाई, कपडे वाळत घालत होत्या. "सारखेच असणार," त्या म्हणाल्या. "मी दोघांनाही दोन्ही घालते ना, स्वल्प स्वल्प."

"काय?"

"मग काय! शेजारी बसवायचं आणि एकाला एक वाढायचं, दुसऱ्याला दुसरं? पंक्तिभेद करतं का कुणी?"

ईरा रडवेली झाली. "आजी, अगं तो प्रयोग होता! आता मी काय सांगू?"

श्यामलाबाई गोंधळल्या. दीर-नणंदा, पाहुणे, नोकरी शोधत बंगळूरला आलेली गावाकडची मुलं, सगळ्यांना त्यांनी एकाच हातानं वाढलं होतं. त्यात काही चुकू शकतं, हे त्यांना नवीनच होतं.

"आणि तो कुणाचा?" ईरानं टाकीमागे बोट दाखवलं. एका फुटक्या डब्यात पुदिन्याच्या काही काड्या होत्या, बारीक पानांच्या.

"तो माझा. उरलेल्या काड्या खोचल्या."

"त्याला काय घातलंस?"

"त्याला कशाला? नुसत्या पाण्यावर येतो तो."

प्रयोगात बिनखताची तिसरी कुंडी लागतेच, हे वाक्य मधुकररावांच्या ओठांवर आलं. पण त्याऐवजी त्यांनी टाकीमागचा तो डबा उचलला आणि दोन कुंड्यांच्या शेजारी आणून ठेवला.

"तिन्ही ने," ते ईराला म्हणाले. "जे झालं ते सांग. कुठलं खत बरं, ते आपल्याला अजून कळलेलं नाही, हेही सांग."

जेवताना श्यामलाबाईंनी ईराला चटणी वाढली, मग नवऱ्याला. मधुकररावांनी उठून त्यांच्या हातातलं भांडं घेतलं.

"तू बस. मी वाढतो."

"मी? आत्ता?"

खुर्च्या रिकाम्याच होत्या. पण आपण कुठल्या खुर्चीवर बसायचं ते त्यांना ठरवता येईना. ओले नसलेले हात पदराला पुसत त्या टेबलापाशी उभ्याच राहिल्या.