पिवळं कुलूप

मामाने खुर्ची आणून ठेवली होती, तीच खरी पंचाईत होती.

साधीसुधी नव्हे, फिरती खुर्ची. मामाच्या फरशांच्या दुकानात गल्ल्यामागे ती थाटात उभी होती आणि तिच्यावरचं प्लास्टिक मामाने मुद्दाम काढलं नव्हतं. "मुंगे, प्लास्टिक तूच फाडायचंस," असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचा. माणूस वाईट नव्हे हो! भाचीवर जीव टाकणारा. लहानपणी तिने त्याच्या स्कूटरचा आरसा खोलून ठेवला तेव्हा त्यानेच तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली होती. पण त्या खुर्चीत एकदा बसलं की परत उठणं नाही, हे मुंगी पक्कं ओळखून होती.

तिने यंत्रदुरुस्तीची पदविका चांगल्या गुणांनी मिळवली, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं ती अर्ज करत होती. "कळवू" हा शब्द ऐकून तिचे कान किटले होते. कळवत कोणीच नव्हतं. अहो, 'नाही' म्हणायलासुद्धा कोणाला सवड नव्हती! एका ठिकाणी मुलाखतीला गेली तर कारखान्याला टाळं लागलेलं, आणि बाहेर बसलेला रखवालदार तिलाच विचारतो, "ताई, तुमच्या ओळखीत कुठे काम आहे का?"

शेवटी आईने एक दिवस भाजी चिरता चिरता निकाल लावला. "शुक्रवारची ही शेवटची. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर सोमवारपासून दादाच्या दुकानात. मला तुझं असं झुरणं बघवत नाही." मुंगीने मान हलवली. आई बोलली की बोलली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर शुक्रवारी सकाळी मुंगी पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात हजर झाली. जागा एक, आणि शेवटच्या फेरीला उरलेले उमेदवार दोन. दुसरा होता एक उंच, चष्मेवाला पोरगा. तो सारखी शर्टाची बाही खाली ओढत होता. "माझं हे सतरावं ठिकाण," तो हळूच म्हणाला. "माझं मोजणंच बंद झालंय," मुंगी म्हणाली. दोघंही हसले आणि लगेच गप्प झाले, कारण जागा एकच होती.

दिवसभर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं होतं. परीक्षा घेणारा फोरमन कमी बोलणारा, कोरड्या चेहऱ्याचा माणूस. त्याने दोघांच्या हातात एकेक पिवळं कुलूप ठेवलं, प्रत्येकाला एकेक चावी दिली, आणि भिंतीवरच्या मेन स्विचकडे बोट केलं.

"यंत्रात हात घालायच्या आधी स्विच बंद करायचा आणि त्याच्या कडीत आपलं कुलूप लावायचं. जितकी माणसं आत, तितकी कुलपं. काम झालं, बाहेर आलात, की आपलं कुलूप आपण काढायचं. सगळी निघाल्याशिवाय स्विच वर जात नाही. दुसऱ्याचं कुलूप कोणी काढायचं नाही."

"दुसरी चावी कोणाकडे असते?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नसते."

"आणि हरवली तर?"

"हरवायची नाही."

संपलं. एवढंच व्याख्यान.

यंत्र एखाद्या खोलीएवढं होतं. पुठ्ठ्याला घड्या घालायच्या, डिंक लावायचा, खोका बाहेर टाकायचा, हे त्याचं काम. आज ते मध्येच अडत होतं. ते चालवणारी बाई पन्नाशीची, दणकट, सगळे तिला थोरली म्हणत. थोरलीने आपलं कुलूप लावलं, फोरमनने लावलं, मग या दोघांनी लावली. मुंगी खांद्यापर्यंत आत शिरली. "हात सांभाळ गं," थोरली मागून म्हणाली. दुपारपर्यंत चष्मेवाल्याने एक झिजलेला पट्टा शोधला, तो बदलून आपलं कुलूप काढलं आणि वर ऑफिसात मुलाखत देऊन आला. मुंगीला रोलरच्या तळाशी घासून उघडी पडलेली तार सापडली. ती तिने बदलली, नीट बांधली. इतक्यात शिपाई आला. "साहेबांनी वर बोलावलंय. लगेच."

आणि इथेच मुंगीने माती खाल्ली.

तिने हात पुसले, निळ्या जाकिटाची चेन ओढली आणि धावत जिना चढली. मुलाखत झकास झाली. साहेबांनी शेवटी "सोमवारपासून यायला जमेल ना?" असं विचारलं तेव्हा तिला खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारावीशी वाटली. "संध्याकाळपर्यंत फोन करतो," ते म्हणाले. ऑफिसचा दुसरा जिना थेट फाटकापाशी उतरत होता. ती उतरली, रखवालदाराला उगाचच नमस्कार केला, आणि समोर आलेली बस पकडली.

बसमध्ये घाम पुसायला रुमाल हवा म्हणून तिने जाकिटाच्या खिशात हात घातला. हाताला थंडगार चावी लागली.

कुलूप! मेन स्विचच्या कडीत तिचं कुलूप तसंच लटकत होतं. त्याची जगातली एकमेव चावी तिच्या मुठीत होती, आणि मूठ बसमध्ये. तिकडे यंत्र बंद, अख्खी पाळी खोळंबलेली. तिने फोन काढला. मुलाखतीसाठी आवाज बंद करून ठेवला होता तो तसाच. एकाच नंबरवरून फोनच फोन येऊन गेलेले.

तिने तो नंबर लावला. एक घंटा वाजायच्या आत उचलला गेला.

"कुठे आहेस?" फोरमन.

"साहेब, मी बसमध्ये आहे, माझी चूक झाली, चावी माझ्याकडे राहिली. तुम्ही कुलूप कापा, प्लीज. मी बाहेर आहे, सुखरूप आहे."

तो म्हणाला, "फोनवर कोण बोलतंय ते मला दिसत नाही. समोर ये." आणि फोन बंद.

मुंगी पुढच्या थांब्यावर उतरली. उतरली कसली, जवळजवळ पडलीच. रस्ता ओलांडून परतीच्या बसची वाट बघत उभी राहिली. बस येईना. झालं, संपलं सगळं. दोन वर्षांनी कोणीतरी दार किलकिलं केलं होतं आणि हिने स्वतःच्या हाताने ते धाडकन लावून घेतलं. तेही कुलूप घालून! कोणी सांगितलं होतं आता तिथे जाऊन चार लोकांसमोर अपमान करून घ्यायला? तासभर वाट बघतील आणि कापतील कुलूप. चावी गटारात टाकावी, घरी जावं, सोमवारी प्लास्टिक फाडावं. मनात आलं हे तिच्या. मुठीतली चावी एकदा गटाराच्या जाळीवर धरलीसुद्धा.

तेवढ्यात आईचा फोन. "काय गं, काय झालं?"

"आई, नंतर सांगते."

"रडतेयस का?"

"नाही गं. नंतर सांगते म्हटलं ना!" ती खेकसली, आणि समोर आलेल्या बसमध्ये चढली. बस गोगलगायीच्या चालीने निघाली. प्रत्येक सिग्नल मेला लाल. मुंगी बसलीच नाही, दारातला दांडा धरून उभी राहिली. लवकर उतरायला मिळेल म्हणून.

कारखान्याच्या फाटकातून चष्मेवाला बाहेर पडत होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"मला जायला सांगितलं," तो म्हणाला. "कटर मी आणला होता. म्हटलं, ती गेली, मी तिला बसमध्ये चढताना पाहिलं, कापा आणि मोकळे व्हा. चूक काय बोललो मी?" त्याने बाही खाली ओढली. "जा तू. आत सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

ती पळत आत गेली आणि दारातच थबकली. सकाळी कान बधिर करणारा तो आवाज साफ बंद होता. यंत्राच्या बाजूचे सगळे पत्रे काढून भिंतीला टेकवलेले. दोन माणसं टॉर्च घेऊन खाली वाकलेली. थोरली जमिनीवर फतकल मारून बसली होती. तिच्या केसांत डिंक आणि पुठ्ठ्याचा भुसा, गुडघे काळे झालेले, कोपर खरचटलेलं. फोरमन स्विचसमोर स्टुलावर बसला होता. कटर त्याच्या पायाशी पडलेला. कडीत एकच कुलूप लोंबत होतं, पिवळं.

त्याने मुंगीकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. मग म्हणाला, "काढ."

चावी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा कुलूप उघडलं. थोरली उठली, तरातरा आली आणि मुंगीच्या पाठीत तिने असा धपाटा घातला की ती कोलमडलीच.

"मेले! अगं पोटात सरपटत गेले मी त्याच्या! नाव माहीत नाही तुझं, 'ए पोरी, ए पोरी' म्हणून ओरडतेय. रोलरच्या खाली हात घातला आणि डोळे मिटून चाचपत होते. केस लागतायत की बोटं लागतायत…" तिने तोंडावर पदर दाबला आणि मुंगीला दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं.

मुंगीचा बांध फुटला. ती रडली ती नोकरीसाठी नव्हे. दोन वर्षं तिचे अर्ज कुठे जात होते देव जाणे, कोणी तिला साधं विचारलं नव्हतं. आणि इथे नाव ठाऊक नसलेली बाई तिला शोधायला यंत्राच्या पोटात शिरली होती. याची तिला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

फोरमन तिचं रडणं थांबेपर्यंत थांबला. "तो चष्मेवाला म्हणाला, मी तिला जाताना पाहिलं. काय पाहिलं? निळ्या जाकिटातली पाठ. इथे निम्म्या लोकांची जाकिटं निळी आहेत." त्याने कटर पायाने बाजूला सारला. "वर साहेबांनी तुझं नक्की केलं होतं. मीही हो म्हटलं होतं. मग खाली आलो तर हे कुलूप. वरून येऊन तू परत आत शिरली नसशील, हे कशावरून?"

"मग आता?"

"आता वर जाऊन सांगावं लागेल, नको म्हणून."

मुंगीने मान डोलावली. बरोबरच होतं त्याचं. तिने कुलूप आणि चावी दोन्ही त्याच्यापुढे धरली.

"जा, सांगा!" थोरली एकदम कडाडली. "आणि सोमवारी दुसरी कोणी आणा, तिला पहिल्यापासून शिकवा. एखाद दिवशी तीही विसरेल, मग पुन्हा मलाच घाला आत. ही मरेपर्यंत विसरायची नाही. तोंड बघा तिचं."

फोरमनने तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "एक सांग. घरी गेली असतीस तर मी काय करणार होतो? तासाभराने कापलंच असतं. परत कशाला आलीस?"

मुंगीने नाक पुसलं. भारी काही उत्तर द्यावं असं तिला वाटलं, पण सुचलं ते खरंच होतं. "तुम्ही म्हणालात, ये. दोन वर्षांत मला कोणी ये म्हटलं नव्हतं."

फोरमनने तिच्या हातातलं कुलूप घेतलं, त्यावर चिकटवलेली 'चाचणी' लिहिलेली पट्टी नखाने खरवडून काढली आणि कुलूप तिच्याच हातात परत ठेवलं. "सोमवारी सातला. आणि सहा महिने चावी गळ्यात. खिशात दिसली तर घरी." मग तो इतरांकडे वळून ओरडला, "बघत काय बसलात? पत्रे लावा!"

थोरलीने आपल्या ओळखपत्राची फीत सोडली, चावी तिच्यात ओवली आणि मुंगीच्या गळ्यात घातली. गाठ तिने दोनदा ओढून पाहिली.

बाहेर आली तेव्हा दिवे लागले होते. थांब्यावरच्या बाकावर चष्मेवाला अजून बसलेला होता. मुंगीने पटकन जाकिटाची कॉलर वर ओढली, पण लाल फीत त्याने बघितलीच.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"बरं झालं." तो रस्त्याकडे बघायला लागला. थोड्या वेळाने बाकावर जरा सरकला. मुंगी बसली. आनंदाने नाचावं असा दिवस, आणि तिला धड हसतासुद्धा येईना. इतक्यात फोन वाजला. मामा.

"मुंगे! खुर्ची झकास पुसून ठेवलीय बघ. काय म्हणतोय कारखाना?"

"घेतलं मामा मला."

पलीकडून अशी आरोळी आली की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. मामा हसत होता, नाक ओढत होता, दुकानात येऊन बसलेल्या आईला हाका मारत होता, सगळं एकदम. त्याचा गोंधळ ओसरेपर्यंत ती चष्मेवाल्याच्या बाहीकडे बघत राहिली. ओढून ओढून तिचा काठ उसवला होता.

"मामा, ऐक. दुकानात माणूस लागेलच ना तुला?" ती म्हणाली, आणि फोनवर हात ठेवून चष्मेवाल्याकडे वळली. "फरशांच्या दुकानात बसशील? अठरावं ठिकाण मिळेपर्यंत. माझ्या मामाचं आहे. खुर्ची कोरी करकरीत आहे, प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही."

त्याचा चेहरा आधी कडक झाला. दया नको, असं काहीतरी तो म्हणणार होता, ते ओठापर्यंत आलेलं तिला दिसलं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"फिरती आहे?" त्याने विचारलं.