माजिदा चाचींचं पान

आज सोलापुरात सकाळपासूनच ऊन लई तापलंय. बाहेर बघून सांगत नाही मी. लोखंडी कपाटात असतो, कपाट तापलं की कळतं.

मी अर्पणपत्रिकेचं पान बोलतोय. पुस्तकात मजकुराच्या आधी एक पान असतं ना, दीड ओळीचं, बाकी कोरं, ते मी. लोक मला अंगठ्यानं उलटून पुढं जातात. जाऊ देत. ज्याच्या नावानं मी छापलो त्यानं वाचलं, की माझं झालं.

माझ्यावर छापलंय, ‘माजिदा चाचींना, ज्यांनी माझ्या परीक्षेपुरतं शिलाई मशीन बंद ठेवलं.’

लिहिणारा अभिमन्यू. चाची त्याच्या भिंतीपलीकडच्या. ऐन ईदेच्या कामात त्यांनी त्याच्यासाठी मशीन थांबवलं होतं. पुस्तक निघाल्यावर पहिली प्रत त्यानं त्यांनाच दिली. मग काय, गिऱ्हाईक आलं की, "माप नंतर घेते, आधी हे वाच." माझ्या कोपऱ्यावर त्यांच्या खडूच्या बोटाचा ठसाच उमटला.

मागच्या उन्हाळ्यात अभिमन्यू नवी आवृत्ती घेऊन आला. चाचींनी चष्मा लावून सुरुवातीची पानं उलटली. माझ्या जागी दुसरंच पान होतं. ‘आदरणीय अध्यक्षसाहेबांच्या चरणी.’

"मला नुसतं ‘चाचींना’, आणि साहेबांच्या थेट पायाशी व्हय रे?"

"साहेबांच्याच कॉलेजात कायम व्हायचंय, चाची. समजून घ्या." मग खाली बघत म्हणाला, "जुनी प्रत तेवढी परत द्या. कुणी दोन्ही शेजारी धरल्या तर बरं दिसत नाही."

पदरानं चाचींनी माझ्यावरचा खडू पुसला, पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि मशीन सुरू केलं. तो काहीतरी सांगत होता, पण या वेळी मशीन थांबलं नाही.

तेव्हापासून मी इथं, त्याच्या कपाटात. रागवायचा दम कागदात नसतो. पण ज्यानं लिहिलं त्यानंच लपवावं, हे काही मला उमगत नाही. तुम्ही एखादं पुस्तक उघडलंत, तर माझ्यासारख्यापाशी घटकाभर थांबा. नाव मोठ्यानं वाचा.

पुस्तक मिटलेलं असलं की समोरचं पान माझ्या तोंडाला तोंड लावून असतं. छापखाना, आवृत्ती, असली माहिती त्याच्यावर. त्याला मी विचारलं, "असं कसं करता येतं रे त्याला?"

तो शेजारी म्हणाला, "येतं, बाबा. ‘सर्व हक्क लेखकाधीन.’ माझ्यावर छापलंय की."