सवतीचा डाग

मित्रांनो, मोटारीची कहाणी ऐकायला आला असाल तर ती बघा, तिकडं दारापुढं उभी आहे. विचारा तिलाच. पण तिला कुठं बोलता येतं? नुसतं खाकरता येतं. तेव्हा माझंच ऐका. मी वडीगोद्रीच्या काकासाहेबांची दमणी. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी, छपराची बैलगाडी. आज मी गोठ्याच्या मागं पडून आहे, माझ्या छपराखाली कोंबड्या अंडी घालतात. पण एके काळी या घरचं माणूस माझ्याशिवाय वेशीबाहेर जात नव्हतं.

कचरू सुतारानं मला घडवलं. चाकं बाभळीची, बसायचा साटा सागाचा. लोखंडी धाव लालभडक तापवून चाकांवर चढवली, तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. मालकीण नंदाबाई लग्न होऊन या घरी आल्या त्या माझ्यात बसूनच. धुळाजी माझा गाडीवान. तो दर आठवड्याला चाकं काढायचा, आसाला एरंडेल अन् काजळीचं वंगण द्यायचा आणि माझ्या दांडीवर थाप मारून म्हणायचा, "दमणी न्हाई ही, हरणी हाय हरणी!" ते ऐकलं की मी दगडधोंड्यांतूनही तोऱ्यात चालायचे. अंबडच्या बाजारात लोक वळून बघायचे.

आणि मग ती सटवी आली. निजामाचं राज्य होतं, मोटार तालुक्यातसुद्धा एखाद्याकडंच. काकासाहेबांनी ती थेट हैद्राबादेहून आणली. काळी, गुबगुबीत, डोळे वटारलेली. तिच्या चाकांना माती लागू नये म्हणून फाटकापासून ओसरीपर्यंत शिमिटाचा रस्ता केला. शिमिट आमच्याकडं तेव्हा इतकं नवलाचं की लोक त्यावर चपला काढून चालायचे! माझ्या वाटेवर मात्र कुणी कधी पाटीभर मुरूम टाकला नव्हता.

तिला रोज सकाळी अंघोळ. डायवर बद्रीनाथ टोपी सारखी करत तिच्याभोवती फिरायचा. ते एक वेळ चाललं असतं. पण धुळाजी? माझा धुळाजी! तोही पटक्याच्या शेवानं तिचे दिवे पुसायला लागला. पुसून झालं की त्यात स्वतःच्या मिशा बघायचा. सरळ सांगते मित्रांनो, मी जळले. सवत उरावर बसल्यावर कोण हसत राहील?

मोटार बाहेर गेली की धुळाजी मला तिच्या जागी, ओसरीच्या सावलीत लावायचा. बायकांना चढायला ते सोयीचं पडायचं. एका सकाळी नेमक्या त्याच जागी परातीएवढा काळा डाग दिसला. काकासाहेबांच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांच्या मुलीला, सोनूबाईला बघायला भोकरदनचे पाहुणे येणार होते. आमच्याकडं पाहुणा दारात पाय धुऊनच घरात येतो, आणि पाय धुवायची जागा आता शिमिटावरच ठरली होती.

"हे कुणी केलं?" काकासाहेब गरजले.

बद्रीनाथ लगेच पुढं झाला. "मालक, दमणीचं वंगण हाय हे. मोटार गेली की धुळाजी बराबर इथंच लावतो तिला."

"मालक, माझं वंगण असं गळत न्हाई," धुळाजी म्हणाला.

"गप्प बस! पाहुणे यायच्या आत डाग बिलकुल निघाला पाहिजे. न्हाई निघाला तर दमणी मोडून चुलीत घालीन, अन् तू जा मेंढरं वळायला."

मेंढरं कुठली? ती धुळाजीच्या बापाच्या काळातच संपली होती. त्याचा अन् त्याच्या बायकोचा, गोपिकाबाईचा घास याच घरात होता. माझा तर सगळा जीवच होता.

धुळाजीनं खराट्यानं घासलं, विटेनं घासलं, राखेनं घासलं. डाग हलेना. मग त्याला वाटलं, धोतराला वंगण लागलं की आपण आधी करडईचं तेल चोळतो, मग शिकेकाई लावतो, की वंगण सुटतं. इथंही तसंच करावं. त्यानं वाटीभर तेल ओतून हातानं चोळलं. शिमिट ते तेल गटागटा प्यायलं आणि परातीएवढा डाग माझ्या चाकाएवढा झाला!

"आता गं बया!" गोपिकाबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, ते काय धोतर हाय व्हय? धोतर पिळता येतं, शिमिट कसं पिळाल?"

"मंग आता काय करू? तूच सांग."

"माळवदावर तेल सांडलं तर कुठं जातं? वरची माती पिती. हितं बी मातीलाच पाजू."

तिनं माळवदाच्या छतावर घालायची पांढरी माती आणली. पापडखार टाकून कढत पाण्यात भाकरीच्या पिठासारखी मळली, डागावर जाड थापली, वर ओलं पोतं टाकलं. माती वाळली की खरवडायची, ती काळीकुट्ट निघायची. पुन्हा नवी थापायची. दोघं गुडघ्यांवर बसून त्या शिमिटाला बाळंतिणीसारखं जपत होते. माझा जीव टांगणीला लागलेला, तरी मला त्या शिमिटाचासुद्धा हेवा वाटला. माझ्या अंगावरून असा हात फिरून किती दिवस झाले होते!

तेवढे दिवस मोटार नाइलाजानं मागच्या मातीवर लावत होते. शेवटी शिमिट लख्ख झालं. मला दूर निंबाखाली नेऊन उभं केलं आणि पुन्हा शिमिटावर चाक घालायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

पाहुण्यांना आणायला मोटार गेली, मी नाही. ती मिरवत आली, दारात थांबली. सोनूबाईचे होणारे सासरे, धर्मराज पाटील, शिमिटावर पाट मांडून पाय धुवायला बसले. गोपिकाबाईनं तांब्यानं पाणी ओतलं, आणि त्या पाण्यावर काळा तवंग पसरला. तो थेट पाटलांच्या पांढऱ्या धोतराला लागला.

काकासाहेब ओरडले, "धुळाजी, कुऱ्हाड आण! आत्ताच्या आत्ता मोडतो तिला!"

धुळाजी जागचा हलला नाही. माझ्या चाकांचा तर आरा न् आरा सैल झाला.

"कुणाला मोडून राह्यले, काकासाहेब?" पाटलांनी विचारलं.

"त्या दमणीला! तिचंच वंगण हे."

पाटलांनी निंबाकडं पाहिलं. "ती तर तिकडं उभी हाय. वंगण उडी मारून आलं व्हय?" मग ते उकिडवे बसून मोटारीखाली वाकले. बोट लावलं, काळं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं. "ही बघा, ही टपकून राह्यली."

बद्रीनाथ टोपी सारखी करायला लागला. माझ्या मनात पेढे वाटले गेले! आता हिला फाटकाबाहेर काढणार, हिला कुऱ्हाड दाखवणार. मी कान देऊन ऐकत होते.

काकासाहेब हसले. मोटारीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "नवी हाय. चालायचंच."

मित्रांनो, माझा डाग असता तर कुऱ्हाड, आणि तिचा निघाला तर 'चालायचंच'! त्या दिवसापासून तिच्या पोटाखाली घमेलं ठेवतात. ते रोज पुसायचं काम धुळाजीला मिळालं. त्याची नोकरी राहिली, सोनूबाईची सोयरीक जमली, माझा जीव वाचला. मात्र मला पुन्हा कुणी जुंपलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी धुळाजी अजून येतो, चाकं काढून वंगण देतो. गोपिकाबाई एकदा म्हणाली, "कुठं जात न्हाई ती, मंग हा खर्चा कशाला?" तो म्हणाला, "चाक फिरतं दिसलं पाहिजे. आस गंजून धरला तर मोडीत घालतील तिला."

नव्याचं कौतुक जरूर करा, मित्रांनो. पण खाली वाकून बघितल्याशिवाय जुन्याच्या माथी डाग मारू नका. आणि वर्षातून एकदा धुळाजी येतो यावर मी समाधानी आहे, असं ऐकायचं असेल तर ते मी सांगणार नाही. त्याच्या हाताला मोटारीच्या तेलाचा वास येतो. मला तो हात रोज पाहिजे.